धुऱ्यावरून पाहताना

दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावात कपाशीवरच्या सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण घेतलं. समाजमंदिरात सतरंज्या, भिंतीवर पडदा, हातमोजे-मास्क-चष्म्याचं प्रात्यक्षिक, शेवटी चहा. निघताना अभिप्रायाचे कागद गोळा केले आणि अकोल्याला परतताना एसटीत एकेक करून वाचले. छत्तीस कागदांपैकी एकतिसांवर ‘उत्कृष्ट’पुढे खूण होती. दिवस सार्थकी लागला, असं मला मनापासून वाटलं.

तीन आठवड्यांनी, कोणाला न कळवता, त्याच शिवारात गेलो. पराटी छातीपर्यंत आलेली. वाऱ्याच्या तोंडावर एक पोरगा फवारत चालला होता. तोंडाला दुपट्टा, पाय उघडे, आणि झाकणातून गळणाऱ्या पंपानं सदऱ्याची पाठ ओली. आमचा मास्क बांधावरच्या बाभळीला लटकत होता. धुऱ्यावर एक बाई बादलीत औषध कालवत होती, तेही हातानं.

पोराला थांबवलं. प्रशिक्षणाला होतास का, म्हणून विचारलं. “मी कायले येऊ भाऊ? मालक आलते ना.” बाईकडे वळलो, तर ती म्हणाली, “आमाले कोनी बलावलंच नाई.”

एसटीत वाचलेले छत्तीस कागद मला तिथे पुन्हा आठवले. त्यातले बहुतेक शेतमालकांचे होते. ज्याच्या पाठीवर पंप असतो तो त्या दुपारी कोणाच्या तरी वावरात होता, कारण मी वेळच दुपारची ठेवली होती. आणि औषध कालवणारी बाई तर माझ्या यादीतच नव्हती. शिकणाऱ्यांना काय आलं, काय नाही, हे तपासायला गेलो होतो. नापास झालेला मी होतो.

प्रशिक्षणाचं मोजमाप कसं करावं, यावर अमेरिकेतले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार पायऱ्या मांडल्या. माणसांना ते आवडलं का, कळलं का, कामावर गेल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी काय साधलं. कारखाने, बँका, दवाखाने, सगळीकडे ही मांडणी आजही वापरतात. आमचे बहुतेक कार्यक्रम पहिल्याच पायरीवर संपतात. हजेरीपट, फोटो आणि अभिप्राय जोडला की अहवाल पुरा होतो. फवारणीच्या बाबतीत मात्र चौथी पायरी म्हणजे माणसाचा जीव आहे. २०१७च्या पावसाळ्यात आमच्याच अमरावती विभागातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. विष नाका-तोंडातून जातं तसं घामेजल्या कातडीतूनही आत शिरतं. त्या पोराची ओली पाठ त्यानंतर कितीतरी रात्री माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

पुढच्या गावात वेळ बदलली. रात्री जेवणं आटोपल्यावर, मजुरांच्या वस्तीतच बसलो. परीक्षाही बदलली. शेतीशाळेची पद्धत १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या किडीच्या निमित्तानं सुरू झाली, तिच्यात मतपेटीची चाचणी असते: कागदी प्रश्नांऐवजी खरी कीड, खरं पान समोर ठेवायचं आणि उत्तराच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. शिकवण्याआधी एकदा, शिकवून झाल्यावर पुन्हा एकदा. मी चिठ्ठीऐवजी तुरीचे दाणे दिले, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता येतं. समोर धुऊन घेतलेल्या रिकाम्या बाटल्या मांडल्या. कीटकनाशकाच्या बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सगळ्यात जहाल औषध कोणतं, एवढंच विचारलं. शिकवण्याआधीच बहुतेक दाणे लाल त्रिकोणापुढे पडले.

यांना येतंच की, असं क्षणभर वाटलं. पण मग विचारलं, वावरात अळी पडली तर यातली कोणती बाटली आणाल? पुन्हा दाणे लालपुढेच. एक म्हातारे समजावून सांगू लागले, “लाल म्हंजे जालीम. अळी एका दमात मरते.” त्यांना खूण अचूक कळत होती. जी धोक्याची म्हणून छापली आहे, तिच्यात त्यांना दमदार मालाची हमी दिसत होती. इतकी वर्षं मी ‘लाल म्हणजे काय’ एवढंच विचारत आलो आणि उत्तर बरोबर आलं की पुढे सरकत आलो.

माझा अख्खा पाठ त्या रात्री बदलला. आता आधी फवारायची गरज आहे का, तिथून सुरुवात करतो. वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोनात गुलाबी अळी निघाली तर फवारणीचा विचार, नाहीतर पंप घरीच. हे सांगायला पडदा लागत नाही, बोंडं लागतात.

शिकणाऱ्याला जोखण्याचीही माझी रीत चुकीची होती. बैठकीत पटापट उत्तरं देणाऱ्याला मी हुशार धरायचो. त्या रात्री एक पोरगा मागे भिंतीला टेकून बसला होता, एक शब्द बोलला नाही. आठवड्यानं त्याच्या वावराच्या धुऱ्यावर उभा होतो. नोझल तुंबलं. त्यानं ते काढलं, सवयीनं ओठांपर्यंत नेलं आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. खाली वाकून तुराटीची बारीक काडी मोडली आणि तिनं कचरा काढला.

मला आनंद झाला, पण शंकाही आली. तो शिकला म्हणून थांबला की मी समोर होतो म्हणून? धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे कळायला मार्ग नाही. ते कळतं दिवसभर त्याच्यासोबत पाणी वाहणाऱ्या बाईला. म्हणून चार दिवसांनी फेरी मारली, ती तिलाच भेटायला.

बादली खाली ठेवून ती म्हणाली, “तुमी होते तवा काडीनं काढला. तुमी गेले अन् मंग तीनदा फुकलं त्यानं. म्या वरडली. कालपासून थो काडी कानावरच ठेवते.”