जनुकांचे भाकीत आणि बार्शीची नोंदवही

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेला रुग्ण किती काळ जगेल, हे त्याच्या जन्मजात जनुकीय ठेवणीवरून आधीच सांगता येईल काय, या प्रश्नाने वैद्यक-संशोधकांना गेली काही वर्षे झपाटले आहे. अमुक जनुकातील एखादे अक्षर बदललेले असले की आयुष्य वाढते वा घटते, असे निष्कर्ष वरचेवर प्रसिद्ध होतात. त्यांतील पुष्कळसे चीनमधील रुग्णांवरून काढलेले असतात. ते स्वाभाविकही आहे. जगातील या रोगाच्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या चीनमध्ये आढळतात. १९३८ साली चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापूरला तेथील रुग्णालयांविषयी परकेपणा वाटण्याचे कारण नाही. परंतु तेथील निष्कर्ष येथील माणसाला जसेच्या तसे लागू करावेत काय, हा प्रश्न निराळा आहे.

या रोगात शल्यविशारद गाठ काढतो. उरलेले यकृत मात्र तेच असते. कावीळ-बीच्या विषाणूने, मद्याने किंवा साठलेल्या चरबीने ते आधीच जर्जर झालेले असते, आणि म्हणूनच यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांत पाच वर्षांच्या आत रोग पुन्हा डोके वर काढतो. तेव्हा जनुकातील भेद आपला परिणाम गाठीवर करतो, की मागे राहिलेल्या यकृतावर, हे ठरविल्यावाचून भाकिताला अर्थ नाही. रोगाचे मूळ बदलले की त्याच भेदाचा अर्थही बदलू शकतो. चीनच्या चिदोंग भागात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष आणि कावीळ-बी यांची जोडगोळी होती. तेथील गाठींत एका विशिष्ट जनुकावर त्या विषाचा जणू शिक्काच उमटलेला १९९१ साली आढळला. (हा शिक्का गाठीतला, वारशाने आलेला नव्हे. वृत्तपत्री मथळ्यांत या दोहोंची हमखास गल्लत होते.) हे विष आपल्यालाही अपरिचित नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागात बुरसटलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. शेंगदाण्याच्या चटणीचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्याने कोठारातल्या ओलीकडे दुर्लक्ष करू नये.

भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास आता होत नाही असे नाही. दहा हजार भारतीयांच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली. पण जनुके वाचली तरी ती ज्याची, तो माणूस शस्त्रक्रियेनंतर किती वर्षे जगला हे कोठे लिहिलेले आहे? रुग्ण गावी परततो, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब करतो आणि पुढील तपासणीला येत नाही. कागदोपत्री तो जिवंतही नसतो आणि मृतही नसतो. अशा अर्धवट नोंदींवर उभारलेले भाकीत ज्योतिषाहून फारसे वेगळे नव्हे.

ही उणीव भरून काढता येते याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण आपण होऊन येईल याची वाट न पाहता तेथील कर्मचारी गावोगाव गेले. घरोघरी विचारपूस करून कोण आजारी आहे, कोण वारले, याची नोंद करीत राहिले. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये साऱ्या जगाला कळले. त्या कामी महागडी यंत्रे थोडी आणि पायपीट फार होती.

यकृताच्या रुग्णांबाबतही असेच व्हावे. सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि बार्शीची नोंदणी यांनी एकत्र येऊन शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाची पाच वर्षे घरी जाऊन चौकशी करावी, संमतीने रक्ताचा नमुना जपावा आणि तपासणीला येणाऱ्याचे प्रवासभाडे शासनाने द्यावे. नवजात बालकाला चोवीस तासांच्या आत कावीळ-बीची लस मिळाली की नाही, याची तालुकावार आकडेवारी जिल्हा परिषदेने दर तिमाहीस प्रसिद्ध करावी; त्यासाठी तर कोणत्याही जनुकाचा शोध लागण्याची वाट पाहावयास नको.