चिकावर पहिला हक्क वासराचा

गाय व्याल्यानंतर वार पडेपर्यंत वासरास चीक पाजू नये, चिकाने वासरास हगवण लागते, असा समज ग्रामीण भागात अद्यापि आढळतो. त्याच चिकाचा खरवस मात्र घरोघर आवडीने केला जातो. या दोन्ही गोष्टींची झळ नवजात वासरास पोहोचते. म्हणून या प्रथेचा शास्त्रीय दृष्टीने विचार होणे अगत्याचे आहे.

हगवण चिकाने होत नाही. पहिल्या काही दिवसांतील हगवणीस पुष्कळदा एशेरिशिया कोलाय या जंतूचे विष निर्माण करणारे प्रकार कारणीभूत असतात. अस्वच्छ गोठ्यातून व मळलेल्या सडांतून हे जंतू पोटात जातात आणि आतड्याच्या अस्तरास चिकटतात. त्यांच्या विषामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओतले जातात आणि वासरू झपाट्याने खंगते.

परंतु जंतू पोटात गेला म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. त्यास तेथे वाढावे लागते, आणि पिकाप्रमाणेच जंतूसही वाढीसाठी अन्नद्रव्ये लागतात. त्यांपैकी लोह मिळविणे त्यास विशेष कठीण जाते. प्राण्याचे शरीर आपले लोह उघड्यावर ठेवीत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन, तर दुधात लॅक्टोफेरिन ही प्रथिने लोह घट्ट धरून ठेवतात. यावर जंतूचाही उपाय आहे. तो एंटेरोबॅक्टिन नावाचे द्रव्य बाहेर सोडतो, ते लोह पकडते आणि जंतू ते लोहासह पुन्हा आत ओढून घेतो. हे द्रव्य १९७० साली उजेडात आले. शरीरही स्वस्थ बसत नाही; लिपोकॅलिन हे प्रथिन एंटेरोबॅक्टिनलाच वाटेत अडविते. त्यावर साल्मोनेला जातीचे जंतू त्या द्रव्यास शर्करेची जोड देऊन ही अडवणूक चुकवितात. लोहाच्या कणाकणासाठी अशी झुंज चालते.

या झुंजीत नवजात वासराची बाजू चीक सावरतो. नेहमीच्या दुधापेक्षा चिकात लॅक्टोफेरिन अधिक असते व रोगप्रतिकारक प्रतिपिंडे विपुल असतात. ब्रिटिश संशोधक बुलेन व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. आईचे दूध पिणाऱ्या गिनीपिगच्या पिलांच्या आतड्यात हे जंतू कृत्रिम आहारावरील पिलांपेक्षा कमी आढळले. परंतु लोहयुक्त हेमॅटिन चारताच दुधाचा हा प्रभाव नाहीसा झाला. वासरू अशक्त दिसते म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून त्यास लोहाची औषधे देण्याची घाई का करू नये, हेही यावरून ध्यानात येईल.

येथे वेळेस फार महत्त्व आहे. गाईच्या वारेतून गर्भास प्रतिपिंडे मिळत नाहीत; ती चिकातूनच मिळवावी लागतात. ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती जन्मानंतर तासागणिक घटते व सुमारे २४ तासांत संपते. त्यानंतरही ३-४ दिवस चीक आतड्यातल्या आत जंतूंना आवर घालतो. वार पडण्याची वाट पाहण्यात अमोल वेळ जातो. उलट, वासराने आचळ चोखल्याने वार पडण्यास साहाय्यच होते.

म्हणून सड धुऊन, जन्मानंतर तासाभरात वासरास पहिला चीक पाजावा आणि पहिल्या दिवसात त्याच्या वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे २५ किलो वजनाच्या वासरास अडीच लिटर, चीक दोनतीन वेळा विभागून द्यावा. रेडकासही हाच नियम लागू आहे. तरीही हगवण लागलीच, तर दूध तोडू नये. मीठ व साखर योग्य प्रमाणात असलेले जलसंजीवनीचे पाणी पाजावे व पशुवैद्यकास बोलवावे.

खरवस वर्ज्य करावा, असा याचा अर्थ नव्हे. अधिक दूध देणाऱ्या गाईचा चीक वासराचे पोट भरूनही उरतो. त्याचा खरवस खुशाल करावा. परंतु ताटातील खरवसासाठी वासरू उपाशी ठेवणे हा तोट्याचा व्यवहार आहे. चार वाट्या खरवस एका दिवसात संपतो. वाचलेली कालवड मात्र पुढे अनेक वेते गोठा भरलेला ठेवते.