कापसाच्या कास्तकारांचा संघ

सन २०२५ च्या ज्येष्ठांतील गोष्ट. मृगाचा पाऊस अजून पडावयाचा होता, आणि आमच्या वाशिमच्या घरीं सारी मंडळी सकाळच्या चहाच्या वेळीं ओसरीवर जमली होती. धाकट्या बंधूंचा बारा वर्षांचा चिरंजीव वर्तमानपत्राचें शेवटचें पान घेऊन आला आणि म्हणाला, “काका, उझबेकिस्तान फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेस पात्र झाला! हा देश आहे तरी कोठें?” आम्ही नकाशाचें पुस्तक शोधावयास उठणार, तों मातोश्रींनीं हातांतील जपमाळ थांबवून उत्तर दिलें, “ताश्कंद ऐकलें आहेस ना? शास्त्रीजी गेले तें. तोच देश.” ११ जानेवारी १९६६ ची ती वार्ता ज्यांनीं रेडिओवर ऐकली, त्यांच्या मनांत ताश्कंद ह्या नांवास दुसरा अर्थच उरलेला नाहीं. मुलाच्या प्रश्नानें मात्र आम्ही त्या देशाच्या मागें लागलों, आणि जें हातीं आलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटलें. कारण त्यांत आम्हां वऱ्हाडकरांच्या ओळखीचें पुष्कळ आहे.

ताश्कंदच्या नामांकित फुटबॉल संघाचें नांव ‘पाख्ताकोर’. उझबेकी भाषेंत ‘पाख्ता’ म्हणजे कापूस, आणि ‘पाख्ताकोर’ म्हणजे कापसाचा कास्तकार. मुंबई-पुण्याच्या वाचकांस ह्याची गंमत वाटेल. कारंजा, मंगरूळपीर, मानोरा इकडच्या वाचकांस मात्र आपल्याच गांवचा माणूस परदेशीं भेटल्यासारखें होईल. वाघ-सिंहांचीं नांवें संघांस देण्याची चाल सर्वत्र आहे. पऱ्हाटीवर वांकणाऱ्या माणसाचें नांव देणारे विरळा. दोन्ही मुलखांस कापसापायीं लागलेली दशाही एकाच काळची. अमेरिकेंत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी चालली, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची दृष्टि वऱ्हाडावर वळली. रशियाच्या गिरण्यांनाही तीच टंचाई भासत होती. १८६५ त रशियन फौजांनीं ताश्कंद घेतलें, आणि पुढें तो प्रांत रशियाचें कापसाचें कोठार होऊन बसला. आपल्याकडे कापूस वाहण्यासाठीं मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रूळ घातले गेले. ती ‘शकुंतला’ आतां धांवत नाहीं, पण तिच्या शिट्टीवर घड्याळें लावणारी मंडळी अजून आहेत. तिकडे सोव्हिएट राजवटींत कापसाचा हव्यास इतका वाढला कीं, कालव्यांनीं नद्यांचें पाणी शेतांवर नेतां नेतां अरल समुद्र आटला, आणि वेचणीच्या हंगामांत शाळांतील मुलें पाट्या सोडून शेतांत नेलीं जात. ही सक्ति स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षें चालली. तिच्यामुळें तेथील कापसावर परदेशांत पडलेला बहिष्कार मार्च २०२२ मध्यें उठला. त्या देशाच्या खेळाचें कौतुक करितांना हें विसरूं नये, म्हणून आरंभींच सांगितलें.

पाख्ताकोर संघ १९५६ सालीं निघाला आणि १९६० सालीं सोव्हिएट फुटबॉलच्या सर्वोच्च वर्गांत जाऊन पोंचला. १९६८ सालीं त्यानें सोव्हिएट चषकाचा अंतिम सामना गांठला. मास्कोच्या टॉर्पेडो संघानें तो एका गोलनें जिंकला. पुढें ११ ऑगस्ट १९७९ उजाडला. मिन्स्कच्या सामन्यासाठीं निघालेलें संघाचें विमान युक्रेनवर आकाशांत दुसऱ्या विमानावर आदळलें. दोन्ही विमानांतील १७८ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. त्यांत पाख्ताकोरचे खेळाडू व चालक मिळून १७ जण होते. एका दिवसांत संघ नाहींसा झाला. तेव्हां देशांतील इतर संघांनीं आपापले कांहीं गडी ताश्कंदला धाडले, आणि तीन वर्षें हा संघ कितीही हरला तरी त्यास खालच्या वर्गांत उतरवावयाचें नाहीं असा निर्णय झाला. घरांतील कर्तीं माणसें एकाएकीं गेल्यावर शेजाऱ्यांनीं आपलीं मुलें पाठवून पेरणी उरकून द्यावी, तसाच हा प्रकार. १९८२ सालीं तोच संघ सर्वोच्च वर्गांत सहावा आला.

सन १९९१ मध्यें उझबेकिस्तान स्वतंत्र झाला आणि १९९४ सालीं हिरोशिमाच्या आशियाई क्रीडास्पर्धांत प्रथमच उतरला. उपांत्य सामन्यांत दक्षिण कोरियास १-० व अंतिम सामन्यांत चीनला ४-२ असें हरवून त्यानें पहिल्याच खेपेस सुवर्णपदक नेलें. एवढ्यावर कोणासही वाटावें कीं जागतिक स्पर्धेचें दार आतां उघडलेंच. तें उघडण्यास आणखी एकतीस वर्षें लागलीं.

ह्या एकतीस वर्षांतील एक प्रसंग मोठा मासलेवाईक आहे. ३ सप्टेंबर २००५ रोजीं ताश्कंदला बहरीनशीं सामना होता. उझबेकिस्तान एका गोलनें पुढें असतां त्यास पेनल्टी मिळाली व चेंडू जाळ्यांत गेला. परंतु त्यांचाच एक गडी वेळेआधीं चौकटींत शिरला होता. अशा वेळीं पेनल्टी पुन्हा मारावयाची असा तेव्हां नियम होता. जपानी पंचानें चुकून बहरीनला फ्री किक दिली. सामना तरीही उझबेकांनीं १-० असा जिंकला. तेवढ्यावर थांबावें कीं नाहीं? त्यांनीं तक्रार केली आणि निकाल ३-० असा आपल्या बाजूनें नोंदवावा म्हणून हट्ट धरिला. जागतिक संघटनेनें पंचाची चूक मान्य केली, आणि जिंकलेला सामनाच रद्द करून तो पुन्हा खेळावयास लाविलें! त्यांत १-१ अशी बरोबरी झाली. मनामा येथील परतीच्या सामन्यांत गोलच झाला नाहीं. आणि परक्या मैदानावर केलेल्या गोलच्या हिशेबानें बहरीन पुढें गेलें. आमच्या वाचकांत वकिलांचीं घरें पुष्कळ आहेत. जिंकलेल्या दाव्यांत अपील करणाऱ्या अशिलाची गोष्ट त्यांस नवी नसावी.

मध्यंतरीं पैशाचाही प्रयोग झाला. बुन्योदकोर ह्या ताश्कंदच्याच संघानें २००८ सालीं ब्राझीलचा विख्यात रिवाल्डो आणिला, व पुढील वर्षीं ब्राझीलला २००२ चें जगज्जेतेपद मिळवून देणारे स्कोलारी ह्यांस शिक्षक नेमिलें. गांवांत मोठें लग्न निघावें तशी धामधूम झाली. त्या संघास देशांतील अजिंक्यपदें मिळालीं. राष्ट्रीय संघ मात्र २०१३ सालीं जॉर्डनकडून पेनल्टींवर हरला व २०१७ सालीं घरच्या मैदानावर दक्षिण कोरियाशीं बरोबरीवर अडला.

फळ आलें तें मुलांच्या बाजूनें. सोळा वर्षांखालील मुलांनीं २०१२ सालीं, तेवीस वर्षांखालील तरुणांनीं २०१८ सालीं, वीस वर्षांखालील संघानें २०२३ सालीं आणि सतरा वर्षांखालील संघानें २०२५ सालीं आशियाचें अजिंक्यपद जिंकलें. २०२१ सालीं तर ‘ऑलिंपिक’ नांवाचा एक निराळाच संघ काढून राष्ट्राच्या निवडक तरुणांस वर्षभर एकत्र खेळावयास ठेविलें. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला त्या देशाचा फुटबॉल संघ प्रथमच गेला. २०२३ च्या विजयी संघांतील अब्दुकोदिर खुसानोव्ह जानेवारी २०२५ मध्यें मँचेस्टर सिटी ह्या संघांत दाखल झाला. ज्या मँचेस्टरास आमचा कापूस जात असे, तेथें कापसाच्या मुलखांतला वीस वर्षांचा मुलगा बचाव संभाळूं लागला, हें वाचून आम्हांस उगाचच अभिमान वाटला. मग ५ जून २०२५ रोजीं, त्या देशाकडून स्वतः शंभराहून अधिक सामने खेळलेले तिमूर कापाद्झे ह्यांच्या शिकवणीखालीं, संघानें अबू धाबी येथें ०-० अशी बरोबरी केली, आणि आमच्या ओसरीवर तो प्रश्न आला.

आतां घरचें पाहूं. आशियाई सुवर्णपदक भारतानें दोनदां, १९५१ व १९६२ सालीं जिंकलें आहे, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्यें आपला संघ चौथा आला होता. मुंबईस रोव्हर्स चषकाचे सामने १८९१ सालीं सुरू झाले. म्हणजे पाख्ताकोर जन्मास येण्यापूर्वीं पांसष्ट वर्षें! तरी १८ जानेवारी २०२४ रोजीं आशियाई चषकांत त्याच उझबेकिस्ताननें आपल्यावर ३-० असा विजय मिळविला. महाराष्ट्रांत फुटबॉल खऱ्या अर्थानें रुजला आहे तो कोल्हापुरास. तेथें पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हे पेठांच्या तालमींचे संघ. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे सारी पेठ लोटते, आणि आजोबा ज्या तालमीचे, नातूही बहुधा त्याच तालमीचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. संघास सरकार पोसो वा पेठ पोसो, मूल सायंकाळीं जेथें जाईल अशी एक जागा वर्षानुवर्षें टिकली पाहिजे, हें ताश्कंदला झालें आणि कोल्हापुरासही झालें.

आमच्या सुमारें बारा लक्ष वस्तीच्या वाशिम जिल्ह्यांत ती जागा आम्ही शोधून पाहिली. १५ सप्टेंबर २०१७ रोजीं राज्य शासनानें दहा लक्ष मुलांस एकाच दिवशीं फुटबॉल खेळविण्याचा संकल्प केला होता. तो दिवस चांगला गेला. मुलें हंसलीं, छायाचित्रें निघालीं. परवां येथील एका शाळेंत आम्ही त्या वेळच्या चेंडूंची चौकशी केली, तेव्हां शिक्षकांनीं कपाट उघडून दोन चेंडू दाखविले. हवा गेलेली, एकावर शाईचा डाग. “पंप नाहीं,” ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून, “शिवाय पांच वाजतां मुलें शिकवणीला जातात.” त्यांस आम्ही काय बोलणार? त्या शिकवणीची फी आम्हीच भरीत होतों.

म्हणून हा प्रश्न अखेर आमच्याच घरांत येऊन बसला. बंधूंचें म्हणणें असें कीं, सहावीचें गणित कच्चें राहिलें तर पुढें सारेंच कच्चें राहतें. लाथेनें चेंडू उडवून कोणाचें पोट भरलें आहे? हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं, आणि पांढरपेशा घरांत तें सहज पटतें. तिकडे पुतणीनें निराळाच मुद्दा काढिला. भारताच्या स्त्रियांनीं ५ जुलै २०२५ रोजीं थायलंडला २-१ असें हरवून आशियाई चषकांत जागा मिळविली, हें तिनें वाचलेलें होतें. दादा जाणार असेल तर आपणही जाणार, असें तिचें म्हणणें पडलें. स्वयंपाकघरांतून एक-दोन निःश्वास ऐकूं आले. शेवटीं मातोश्रींनीं विचारिलें, “शिकवणी सकाळीं नाहीं का व्हायची?” हा विचार आम्हां शिकलेल्या चौघांपैकीं एकाच्याही मनांत आला नव्हता.

शिकवणी आतां सकाळीं साडेसहास असते. पंप आम्ही अकोल्याहून आणविला. सायंकाळीं शाळेच्या मैदानावर आरंभीं आमचींच दोघें होतीं, मग शेजारचीं आलीं; गेल्या आठवड्यांत मोजलीं तों अकरा भरलीं, म्हणजे एक बाजू पुरी झाली. समोरची बाजू अजून मिळावयाची आहे. चेंडू रात्रीं आमच्या ओसरीच्या कोनाड्यांत असतो. पाय धुतल्यावांचून त्यास घेऊन कोणी उंबरा ओलांडूं नये, एवढी मातोश्रींची अट आहे.