‘जीवनावश्यक’ कोणाच्या जीवनास?

इंग्रजी ‘इसेन्शियल’ या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘असणें’ या अर्थाच्या धातूंत आहे. आपल्या संस्कृतांतील ‘अस्’ धातूचा तो भाऊबंदच होय. सरकारी मराठींत त्या शब्दाचें ‘जीवनावश्यक’ झालें. यांतील ‘अवश्य’ म्हणजे मुळांत जें वश होत नाहीं तें. आणि कायदा नेमकें तेंच वश करूं पाहतो!

१९४६ सालचा पुरवठ्याचा कायदा नांवानेंच तात्पुरता होता. १९५५ सालीं जीवनावश्यक वस्तूंचा कायदा झाला, तो मात्र कायम राहिला. अशी वस्तु कोणती, याचें उत्तर त्यांत एवढेंच मिळतें कीं, परिशिष्टांत जिचें नांव आहे ती. म्हणून तर २०२० च्या मार्चांत तोंडावरचा मास्कही कांहीं महिने तुरीच्या पंगतीस बसला.

त्याच वर्षीं डाळी, तेलबिया व कांदा यांवरील बंधन सैल झालें. २०२१ अखेर ती दुरुस्तीच रद्द झाली. पुढें २ जून २०२३ रोजीं तूर व उडीद यांच्या साठ्यावर मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीचे २०० टन ठरले, ते सप्टेंबरांत ५० टनांवर आणले. मर्यादा व्यापाऱ्यावर होती, शेतकऱ्यावर नव्हती, असें कोणी म्हणेल. तें खरें; पण ज्यास माल ठेवतां येत नाहीं त्याचा लिलावांतील हात आंखडतो, आणि जळकोट-उदगीरकडील कोरडवाहू शेतकऱ्याची तूर त्याच हाताकडे पाहत पडलेली असते. ज्या मजुराच्या घरीं डाळ पावशेरानें येते त्याची नड खोटी आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु डाळ महागली म्हणजे तूर जीवनावश्यक, आणि संक्रांतीच्या सुमारास खळ्यावर ती मातीमोल झाली म्हणजे केवळ बाजारचा माल, हा न्याय कोणता?

तरीही हा शब्द टाकून देण्याजोगा नाहीं, कारण त्याच परिशिष्टांत खतें व अन्नपिकांचें बियाणेंही आहे. १९८५ चा खत नियंत्रण आदेश याच कायद्याखालीं निघालेला आहे. ठरलेल्या कमाल किंमतीहून अधिक दरानें खत विकतां येत नाहीं, आणि विक्रेत्यानें पावती दिलीच पाहिजे. मृगाच्या तोंडावर एका पोत्यासोबत नको असलेली बाटली गळ्यांत मारली जाते, तेव्हां आपण ‘अडला हरी’ म्हणून गप्प बसतों. आमच्या सभासदांनीं येत्या हंगामांत हा शब्द दुकानदारासमोर स्पष्टपणें उच्चारावा, पक्की पावती मागावी, आणि ती न मिळाल्यास तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.