फ्रेंच ‘न्वार’ : छायेचा की ध्वनीचा?

‘फिल्म न्वार’ ही संज्ञा उच्चारताच ओल्या रस्त्यावरचे दिवे, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या आणि हॅट घातलेला अमेरिकन गुप्तहेर डोळ्यांपुढे उभा राहतो. नीनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये ती अमेरिकन चित्रपटांना उद्देशून योजिली आणि बोर्द व शोमतों यांच्या १९५५ मधील ग्रंथाने ती त्यांच्याच नावे रूढ केली, हे खरे. परंतु त्यापूर्वीच, १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, फ्रेंच वृत्तपत्रांनी हे विशेषण स्वदेशी चित्रपटांना लावले होते, आणि तेही बहुधा निषेधाच्या सुरात. हा क्रम दृष्टिआड झाल्यामुळे रन्वार, कार्ने, द्युविव्हिए यांना ‘पूर्वसुरी’ म्हणून आदराने बाजूस सारले जाते. मग त्यांची कृती स्वतःच्या बळावर न पाहता पुढे अमेरिकेत काय घडले, त्याच्या संदर्भातच पाहिली जाते.

वस्तुतः या चित्रपटांचा काळोख प्रकाशयोजनेइतकाच ध्वनीतून निर्माण झालेला आहे. बोलपट नवा होता. रंगभूमीवरील नाटके जशीच्या तशी चित्रित करण्याची लाट आली होती आणि त्यांतील बरीचशी आज पाहवतही नाहीत. ज्याँ रन्वारने मात्र ‘ला शिएन’ (१९३१) मध्ये माँमार्त्रच्या रस्त्यावरील आवाज प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच मुद्रित केले. (त्याच वर्षीच्या त्याच्या आधीच्या चित्रपटात त्याने शौचकूपाच्या पाण्याचा खराखुरा आवाज मुद्रित केला होता; हट्ट तोच.) लग्राँ हा रोखपाल आणि हौशी चित्रकार ल्युल्यूचा खून करतो, तेव्हा खाली रस्त्यात एक गायक गात असतो. गाणे थांबत नाही. त्याला खुनाचा पत्ताच नसतो. परंतु त्याच गाण्यामुळे जमलेली गर्दी गायकाकडे पाहत राहते आणि लग्राँ कोणाच्या नजरेस न पडता निघून जातो. पुढे मोटारीतून रुबाबात आलेला देदे तेवढा सर्वांना दिसतो, आणि फाशीही त्यालाच होते. म्हणजे हे गाणे पार्श्वसंगीत नव्हे. कथानकाची कळच त्यात आहे. विसंगतीचा एवढा निर्विकार उपयोग त्या काळच्या बोलपटांत क्वचितच आढळतो.

याच कथेवरून फ्रित्झ लांगने १९४५ मध्ये अमेरिकेत ‘स्कार्लेट स्ट्रीट’ काढला. तेथील निर्मितिसंहितेला गुन्हेगार शिक्षेविना सुटणे मान्य नव्हते. म्हणून नायकाच्या कानांत मृतांचे आवाज घुमत राहतात. रन्वारचा लग्राँ भिकारी होतो, पण हसतो. त्याने काढलेले स्वतःचे चित्र विकले जाते आणि तो ते पाहतही नाही. लांगचा चित्रपट प्रभावी आहे यात शंका नाही, परंतु त्यात ध्वनी न्यायाधीशाच्या आसनावर बसतो. रन्वारकडे तो केवळ जगाचा आवाज असतो. दोहोंत अधिक भयंकर कोणता, याचे उत्तर ‘ला शिएन’ असेच द्यावे लागेल.

द्युविव्हिएच्या ‘पेपे ल मोको’ (१९३७) मध्ये पेपेने बंदरावरून मारलेली हाक बोटीच्या भोंग्यात बुडून जाते. झोलाच्या कादंबरीवरील ‘ला बेत युमेन’ (१९३८) मध्ये सेव्हरीनच्या खुनाला रेल्वे कामगारांच्या नृत्यसमारंभातील गाण्याची जोड आहे. कार्नेच्या ‘ल झुर स लेव्ह’ (१९३९) मध्ये नायकाने स्वतःवर गोळी झाडल्यानंतर त्याचे गजराचे घड्याळ वाजू लागते. पुढे या कथेची अमेरिकन आवृत्ती निघाली, तेव्हा मूळ चित्रपटाच्या प्रती विकत घेऊन नष्ट करण्याचा प्रयत्न झाला. ‘पूर्वसुरी’ची ही वासलात लक्षात ठेवण्याजोगी आहे. याउलट कार्नेचाच अधिक गाजलेला ‘के दे ब्र्युम’ (१९३८) उणा वाटतो. तेथे धुके आणि प्रेव्हेरचे संवाद दोन्ही मिळून नियती आधीच सांगून टाकतात. ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे देशाबाहेर पडलेल्या ज्यूल्स दासँने पॅरिसमध्ये ‘रिफिफी’ (१९५५) काढला. त्यातील दरोड्याच्या सुमारे अर्ध्या तासात ना संवाद ना संगीत. छताला भोक पाडताना खाली पडणारा चुरा उलट्या लटकावलेल्या छत्रीत झेलला जातो आणि प्रेक्षक श्वास रोखून कान देतो. अशा दृश्याचे विवेचन केवळ सावल्यांच्या परिभाषेत कसे करावयाचे, हे ती परिभाषा वापरणाऱ्यांनी सांगावे.