तिकीट कोणत्या वर्गाचे?

मराठी प्रवासवर्णनात सगळे काही सापडते. सापडत नाही ते तिकीट. लेखक कोणत्या शहरात उतरला, तेथील संग्रहालयात त्याने कोणती चित्रे पाहिली, परक्या थंडीत पिठले-भाताची आठवण कशी झाली, हे आपल्याला तपशीलवार कळते. मात्र विमानाच्या कोणत्या भागात बसून तो तेथवर पोहोचला, त्या जागेचे मोल किती होते आणि ते कोणी मोजले, याविषयी मजकूर बहुधा मौन पाळतो. हे मौन निरुपद्रवी नाही, असे आमचे मत आहे. या प्रकाराच्या समीक्षेने शैली, निसर्गवर्णन, विनोद आणि सांस्कृतिक तुलना यांची पुष्कळ चर्चा केली. आसनाची चर्चा केली नाही.

आम्ही हे सावनेरात बसून लिहीत आहोत. राम गणेश गडकऱ्यांनी २३ जानेवारी १९१९ रोजी ज्या गावी देह ठेवला, त्या गावात मराठी शिकवणे हा एक वेगळाच अनुभव असतो. आमचे विद्यार्थी केळवद, खापा, पाटणसावंगी अशा गावांहून एसटीने येतात. नागपूर-छिंदवाडा 'छोटी लाईन' २०१५ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर त्या गाडीनेही येत. विमान त्यांनी पाहिले आहे ते बहुधा खालून. अशा वर्गात परदेशप्रवासाचा उतारा शिकवताना 'आम्ही लंडनला पोहोचलो' हे वाक्य आले, की त्या एका क्रियापदाखाली केवढा जिना दडला आहे हे सांगावे लागते. आणि तो जिना पुस्तकात नसतो.

विमानात वर्ग नंतर आले, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा त्यात ३५ प्रवासी होते. विमानात बसणे हाच त्या काळी एक वर्ग होता. १९५२ साली अटलांटिकवरील उड्डाणांत स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला, १९५८ साली 'इकॉनॉमी' आला, आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस पहिल्या वर्गाच्या व इकॉनॉमीच्या मधोमध 'बिझनेस क्लास' उभा राहिला. पूर्ण भाडे भरणाऱ्या कामकरी साहेबाला सवलतीच्या तिकिटावर निघालेल्या पर्यटकापासून वेगळे करावे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. २००० साली ब्रिटिश एअरवेजने या वर्गात पूर्ण आडवी होणारी शय्या आणली. पुढे काही कंपन्यांनी आसनाला सरकते दारही बसवले. आज लांब पल्ल्याच्या या जागेचे भाडे मागच्या जागेच्या साधारण तीन ते पाचपट असते. अर्थात पुढच्या मोजक्या खुर्च्यांतून कंपनीला मोठी मिळकत होते आणि मागची तिकिटे स्वस्त राहण्यास तिचा हातभार लागतो, हेही खरे.

या आदरातिथ्याची प्रतिमा मुंबईतच घडली. बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली एअर इंडियाचा 'महाराजा' निर्माण केला. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या आकृतीकडे जरूर पाहावे. भरघोस मिशा, पगडी आणि कमरेत वाकून केलेला नमस्कार! वेश राजाचा आणि मुद्रा सेवकाची. ज्याने तिकीट काढले तो राजा, आणि राजा मात्र त्याच्या स्वागताला उभा, असा हा उलटा अलंकार आहे. १९७१ साली कंपनीचे पहिले जंबो जेट 'एम्परर अशोक' आले. खिडक्यांभोवती झरोक्यांच्या महिरपी रंगवल्या होत्या आणि 'आकाशातील महाल' अशी त्याची जाहिरात होत होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. जमिनीवरचे राजेपण कायद्याने संपले, त्याच वर्षी आकाशातील राजेपण तिकिटावर मिळू लागले. हा योगायोग कोणा कादंबरीकाराला सुचला असता, तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

आता मुद्द्याकडे वळू. आसन बदलले की दृष्टी बदलते काय? आमच्या मते, बदलते. प्रवासवर्णनाचा जीव मुक्कामापेक्षा मधल्या वाटेत असतो. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' (१९०७ साली प्रसिद्ध) घ्या. कर्जाने गांजलेला एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो आणि वाटेत सत्तावन्नच्या धुमाळीत सापडतो. प्रवासाचा हेतू पैसा आहे, हे तो लपवीत नाही. पायी चालणाऱ्याला वाट चुकवता येत नाही, म्हणूनच ते पुस्तक झाले. गांधीजींनी १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गावर पुस्तिका प्रसिद्ध केली, तीही त्या वर्गात स्वतः बसून. आसन ही त्यांच्या लेखी सोय नव्हती, ती अभ्यासाची पद्धत होती. याउलट बिझनेस क्लासचा सारा खटाटोप मधली वाट पुसून टाकण्यासाठी असतो. प्रवासी जेवतो, दिवे मंद होतात, शय्या पसरते, तो झोपतो आणि दुसऱ्या खंडात जागा होतो. शेजारी कोण होते हे त्याला ठाऊक नसते, कारण शेजार न लाभणे यासाठीच त्याने पैसे मोजलेले असतात. ज्या प्रवासात कोणी भेटत नाही, त्याच्या वर्णनात अन्नाचे पदार्थ आणि खुर्चीची बटणे यांखेरीज काय उरणार?

एक क्षण मात्र उरतो. पुढचे प्रवासी आधी येऊन बसतात, आणि पुष्कळ विमानांत मागच्यांना त्यांच्याच बाजूने, सामान सावरीत, आत जावे लागते. हातात पेला घेऊन बसलेला आणि खांद्यावर पिशवी घेऊन चाललेला यांची दृष्टादृष्ट होते ती तेवढीच. नंतर पडदा ओढला जातो. एखाद्या चांगल्या कथेला तेवढा क्षण पुरे आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. सुखाने प्रवास करणे हा काय गुन्हा आहे? हालअपेष्टांतूनच साहित्य जन्मते, हा भाबडा समज आपण अजून किती दिवस जपायचा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एक मजकूर नेहमी आठवतो. मराठी प्रवासवर्णनांच्या यादीत तो नसतो, कारण तो इंग्रजीत लिहिला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हा तो मजकूर. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्थानकावर न्यायला कोणी आलेले नसते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होत नाही. अखेर दुप्पट भाडे ठरते, पण अट अशी की बैल मुलांनीच हाकायचे. गाडीवान आपल्याच गाडीच्या बाजूने पायी चालतो, आणि पैसे मोजूनही मुलांना त्या रात्री प्यायला पाणी मिळत नाही.

या प्रसंगाशेजारी बिझनेस क्लास ठेवून पाहिला, तर तो निव्वळ ऐषारामाचा देखावा राहत नाही. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचेच नाव आहे. तेथून दोह्याला जाणाऱ्या विमानात पुढच्या रांगेत बसणाऱ्या माणसाला कोणी जात विचारीत नाही. तिकीट पाहिले जाते आणि पाणी न मागता समोर येते. ज्यांच्या आजोबांना दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळाला नाही, त्यांच्यातील एखादी अभियंता मुलगी त्या खुर्चीत पाय पसरून झोपली, तर तिच्या झोपेला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. पैशाने जागा मिळणे ही विषमता खरीच. पण पैसे असूनही जागा न मिळणे ही तिच्याहून जुनी आणि क्रूर विषमता आहे. म्हणून आमचा आक्षेप सुखावर नाही, त्याविषयीच्या अबोल्यावर आहे. त्या मुलीने आपला प्रवास लिहिलाच, तर खुर्चीचा क्रमांक त्यात असावा, कारण तिच्या कथेचे मर्म कदाचित तेथेच असेल.

दुसरी बाजू विमानाच्या मागच्या भागात आहे. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आया, नातवंडे सांभाळायला सहा महिने जाणारे निवृत्त शिक्षक, हे आजचे खरे मराठी दूरप्रवासी होत. चौदा-पंधरा तास गुडघे दुमडून ते बसतात. परक्या विमानतळावर इंग्रजी सूचना कळणार नाहीत, या धास्तीने त्यांतील कित्येक जण धडधाकट असूनही चाकाची खुर्ची मागवून घेतात. ती पायांसाठी नसते, भाषेसाठी असते. कधी मुलगा हौसेने पुढच्या वर्गाचे तिकीट पाठवतो. मग 'एवढ्या पैशांत घराचा स्लॅब झाला असता' या हिशेबाने आईला त्या मऊ शय्येवरही झोप लागत नाही. परदेशस्थ मराठी माणसांच्या साहित्यात मुलांचे द्वंद्व पुष्कळ आले. या आईची रात्र त्या मानाने फारच थोडी आली.

तेव्हा अध्यापक मित्रांना आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णन शिकवताना तीन प्रश्न फळ्यावर लिहावेत: लेखक कुठे बसला आहे? त्या जागेचे पैसे कोणी दिले? त्या जागेवरून त्याला कोण दिसत नाही? शिष्यवृत्ती, सरकारी दौरा, मंडळाचे निमंत्रण, कंपनीचे काम, मुलाने पाठवलेले तिकीट, यांपैकी उत्तर काहीही असो, त्याने पुस्तक हलके ठरत नाही. त्याच्या वाक्यांचा कोन तेवढा कळतो. विद्यार्थ्यांनाही लिहायला सांगावे, आणि त्यासाठी लंडनची गरज नाही. नागपूर ते सावनेर हा सुमारे चाळीस किलोमीटरचा एसटीप्रवास पुरेसा आहे. अट एकच: पहिल्या वाक्यात आपण कुठे बसलो होतो ते सांगायचे, आणि जागा मिळाली नसेल, तर कोणाच्या खुर्चीला धरून उभे होतो, ते.