‘रामोना’ने मान कोणाला दिला?

संपादक महोदय,

जुन्या अमेरिकी चित्रपटांतील लॅटिनो प्रतिमेचा विषय आजचे नाटककार ‘उगाच उकरून काढतात’, हे गेल्या अंकातील लेखाचे मत अमान्य आहे.

‘त्या काळी कोणाची हरकत नव्हती’ हे चूक. मेक्सिकन माणसाला दरोडेखोर रंगवणाऱ्या कंपन्यांच्या चित्रपटांवर मेक्सिको सरकारने १९२२ मध्येच बंदी घातली होती.

‘रामोना’ या कादंबरीवरील चित्रपटांमुळे लॅटिनोंना मान मिळाला म्हणावे, तर मेक्सिकन घरात वाढलेल्या तिच्या नायिकेची भूमिका १९१० मध्ये दिग्दर्शक ग्रिफिथ यांनी मेक्सिकन नसलेल्या मेरी पिकफर्डला दिली. मेक्सिकोची अभिनेत्री डोलोरेस देल रिओ हिला ती मिळायला १९२८ उजाडले.

कॅलिफोर्नियातील हेमेटच्या डोंगरउतारावर १९२३ पासून होणारा ‘रामोना’चा नाट्यसोहळा भव्य आहे, हे मान्य. पण ‘रामोना’ ही ‘निव्वळ प्रेमकथा’ नव्हे. मूलनिवासींच्या जमिनी कशा बळकावल्या, हे सांगण्यासाठीच हेलन हंट जॅक्सन यांनी १८८४ मध्ये ती कादंबरी लिहिली.

आजच्या नाटककारांपैकी लुईस वाल्देझ यांनी १९८६ च्या आपल्या नाटकात हॉलिवूडमध्ये मोलकरीण आणि माळी यांसारख्या किरकोळ भूमिकांवर आयुष्य काढलेले जोडपे उभे केले. ज्यांना पडद्यावर नाव मिळाले नाही, त्यांनी रंगमंचावर जाब विचारला, तर त्यात उगाच काय?

आपला,
एक वाचक, पुणे